लाराचे सहा आणि काकूंचा चेहरा

अहो, ऐकलंत का? जरा अशा भिंतीजवळ या, आमचे हे आत पेपर वाचतायत. त्या तात्यापारातल्या काकू माहीत आहेत ना... हो हो, त्याच, मंडळात हळदीकुंकवाला सगळ्यांच्या साड्या निरखतात त्या! त्या म्हणे लाराच्या! आख्खं रायपूर सचिनसाठी घसा फोडतंय आणि या बाई वेस्ट इंडीजकडून. आपली मराठी बाई, वहिनी!

तर काय सांगत होते, २०२१चा मार्च. आपल्या नवा रायपूरच्या परसद्याच्या स्टेडियमवर रोड सेफ्टी सीरिजला सगळे जुने प्लेअर आलेले. चालू टीमची वनडे आपल्याकडे व्हायला २०२३ उजाडलं, तोवर आपल्या वाट्याला हे रिटायर झालेलेच. पण काय हो ती मजा! पोटं सुटलेली, चेंडू अडवायला वाकायचं म्हणजे आधी विचार करायचा, पण बॅट हातात आली की संपलंच. पहिल्याच सामन्यात सेहवागने ३५ चेंडूंत ८० ठोकले. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, बांगलादेशची बॅटिंग काय बघायची, आरामात जाऊ. नवा रायपूर काय जवळ आहे? पोचल्या तर लोक गेटातून बाहेर पडतायत! अकराव्या ओव्हरला सगळं खलास. तिकीट अजून फ्रिजवर लावून ठेवलंय, चेहरा मात्र...

हां, काकू. सेमीफायनलला सचिनने ६५ केले, आम्ही नाचतोय. मग लारा आला. ती त्याची उंच उचललेली बॅट, तो वाकलेला गुडघा! काकूंनी पदर असा घट्ट धरला. ४६वर विनयकुमारने दांडी उडवली नि वेस्ट इंडीज १२ रनांनी गेले. काकूंनी परतीच्या गाडीत ब्र काढला नाही.

फायनल आपण जिंकली, युवराज आणि युसुफची साठी, ते तुम्हाला माहीतच आहे. पण सहा दिवसांनी सचिनला कोविड! मग युसुफ, बद्रीनाथ, इरफान, एकेकाची बातमी. आणि गंमत ऐका, आमच्या गल्लीतले एक गृहस्थ, नाव नाही घेत मी, आठवडाभर सांगत होते, 'सचिनने माझा हात हातात घेतला.' त्या रात्रीपासून एकच पालुपद, 'छे हो, लांबूनच पाहिलं.' बायकोने ताट दाराबाहेर सरकवलं तरी म्हणतायत, लांबूनच!

काय सांगत होते मी? हां, २०२५ची मास्टर्स लीगची फायनल. पुन्हा सचिन, पुन्हा लारा, दोघे कॅप्टन. काकू नवी हिरवी साडी नेसून. आणि लारा सहावर आउट! कोणी काढला? पुन्हा विनयकुमार! अहो, चेहरा असा पडला, मला हसू आवरेना, मी बाटलीतलं पाणीच पीत राहिले. आमचे हे मुद्दाम म्हणाले, 'काकू, तब्येत बरी आहे ना?' काकू म्हणाल्या, 'सहा तर सहा. बॅट कशी उचलली ते पाहिलंत का तुम्ही?'

पुढे रायुडूने ७४ केले, सामना आपलाच. मधेच युवराज आणि तो टिनो बेस्ट भिडले ना, बोटं नाचवत, अगदी नळावरच्या भांडणासारखे. अंपायर तो वाकड्या बोटाचा बिली बाउडन, तोही मधे पडला. पण बेस्टला आवरायला गेला कोण? लारा! काकू उठून उभ्या राहिल्या, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, 'बघा! याला म्हणतात खानदानी.' मागची पोरं शिट्ट्या मारायची थांबली हो.

आणि ताजी बातमी तर राहिलीच. नातीला स्थळ आलंय, भिलाई प्लांटमधला इंजिनिअर, एकुलता एक, हाऊसिंग बोर्डात स्वतःचं घर. सगळं जमत आलेलं. काकूंनी नाव विचारलं. विनय. फोटोचं पाकीट न उघडताच म्हणाल्या, 'दुसरं बघा.'