भागवतकाका

अणुशक्तीनगरात कुणी कुणाला ‘ऑफिसात काय चाललंय?’ असं विचारत नाही. नवा शेजारी न राहवून विचारतो, त्याला ‘चाललंय’ एवढंच उत्तर मिळतं, आणि तो शहाणा असेल तर पुढच्या वेळी पावसाबद्दल बोलतो. ट्रॉम्बेच्या डोंगरापलीकडे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर अख्ख्या आशियातली ती पहिली. तेव्हापासून या डोंगराला तोंड मिटून बसायची सवय लागली आहे. १९९८च्या मे महिन्यात पोखरणला गेलेले इथले शास्त्रज्ञ तर लष्करी गणवेश चढवून, खोट्या नावांनी वावरत होते. जिथं स्वतःचं नावसुद्धा गुपित ठेवायची तयारी असते, तिथं संध्याकाळच्या कट्ट्यावर माणसांनी बोलायचं तरी कशावर? म्हणून मालिकांवर बोलतात. आणि मालिकांवर बोलण्यात भागवतकाकांचा हात धरणारा कुणी नाही.

आडनाव त्यांचं वेगळंच आहे. रोज सकाळी उठून आदल्या रात्रीचा भाग लावतात, म्हणून कॉलनीनं त्यांना भागवत केलं. पस्तीस वर्षं ते छातीवर किरणोत्साराचा हिशेब ठेवणारा बॅज लावून बसनं गेले आणि बसनं आले. मधल्या वेळात काय केलं, हे काकूंना आजही माहीत नाही. नवऱ्याच्या नोकरीतलं त्यांना नेमकं ठाऊक आहे ते बसचं वेळापत्रक. आता काका निवृत्त झाले, मुलगी त्याच संस्थेत लागली आणि क्वार्टर तिच्या नावावर आलं. बाप-लेक रात्री समोरासमोर जेवायला बसतात. दोघांचाही दिवस कसा गेला, हे आमटीत मीठ कमी आहे की जास्त यावरून एकमेकांनी ओळखायचं.

तर देशाची गुपितं अशी पचवून बसलेला हा माणूस. पण कालचा भाग त्याच्या पोटात दुधाची पिशवी येईपर्यंत टिकत नाही.

काका थेट काही सांगत नाहीत, हे आधी मान्य केलं पाहिजे. थेट सांगणारा निदान परवडतो. काका आधी विचारतात, ‘पाहिलात का कालचा?’ आपण नाही म्हटलं की लगेच हात वर करतात. ‘मग राहू दे, मी अवाक्षर काढणार नाही.’ चार पावलं पुढं जातात, थांबतात, आभाळाकडं बघतात आणि म्हणतात, ‘फक्त त्या धाकटीसाठी वाईट वाटतं हो.’ आता धाकटी जाणार, हे कळल्यावर पुढच्या पाऊण तासाच्या भागात आपण काय बघायचं, तिची साडी? कधी ते बोलतही नाहीत. जिन्यात समोर आले की नुसती मान हलवतात. त्या मानेवरून कोण गेलं, कोण परत आलं आणि कुणाचं लग्न मोडलं, हे तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या लोकांना समजतं.

हा रोग जुना नाही. १९९४ साली दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ सुरू झाली, तेव्हा काका तरुण होते आणि पूर्ण निरुपद्रवी होते. कारण रविवारी सकाळी सगळा देश एकाच वेळी त्या क्रूरसिंगाच्या भिवयांकडं बघत असायचा. जे काकांनी पाहिलं तेच शेजाऱ्यानं पाहिलं, तेच कोळीवाड्यात, तेच चीता कॅम्पात. फोडायला काही शिल्लकच नसायचं. पुढं पुनःप्रक्षेपण आलं, दुपारचं वेगळं, रात्रीचं वेगळं; मग मोबाइलवर ज्याच्या त्याच्या सवडीनं बघणं आलं. लोक वेगवेगळ्या वेळी बघू लागले, आणि ज्यानं आधी पाहिलं त्याच्या हातात सत्ता आली. काकांना आयुष्यात पहिल्यांदा असं गुपित मिळालं, की जे फोडलं तर कुणी चौकशी लावणार नाही. माझ्या मते त्यांच्या वागण्याचं मूळ इथं आहे. पस्तीस वर्षं दाबून धरलेलं बोलणं माणूस कुठंतरी काढणारच.

त्यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे २९ एप्रिल २०१९चा सोमवार. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवटचा हंगाम चालू होता. अमेरिकेत रविवारी रात्री लागणारा भाग आपल्याकडं सोमवारी पहाटे साडेसहालाच हॉटस्टारवर यायचा. त्या दिवशीचा भाग होता मेलेल्या सैन्याशी होणाऱ्या महायुद्धाचा, चांगला ब्याऐंशी मिनिटांचा. आणि त्याच सोमवारी मुंबईत लोकसभेचं मतदान. सुट्टी होतीच. काकांनी साडेसहाला मुलीच्या खात्यावरून भाग लावला, पडदे ओढले, आणि तरी त्यांना काही दिसेना. कुणालाच दिसलं नव्हतं. तो भाग इतका काळोखा होता, की जगभर ओरड झाली, आणि त्याच्या छायाचित्रकारानं उलट प्रेक्षकांच्याच टीव्हीच्या सेटिंगला दोष दिला. काकांना हे मुळीच पटलं नाही. टाटांचं वीजकेंद्र खिडकीतून दिसतंय, पलीकडं अणुभट्ट्या आहेत, आणि इतक्या विजेच्या कुशीत राहून आपण ब्याऐंशी मिनिटं काळोख बघायचा, याचा त्यांना वैयक्तिक अपमान वाटला.

भाग संपवून काका आठच्या सुमारास मतदान केंद्रावर पोचले. रांग मोठी होती आणि रांगेत कॉलनीतली पोरं होती. बिचारी आईबापांनी ओढून आणलेली. भाग घरी जाऊन बघायचा होता. काकांनी बोटाला शाई लावून घेतली, बाहेर आले, रांगेकडं पाहिलं आणि कुणीही न विचारता म्हणाले, ‘शेवटी पोरीनंच मारलं हो त्याला. एवढीशी पोर!’ रांगेतून जो आवाज निघाला तो ऐकून केंद्रावरचा पोलीस दोन पावलं पुढं आला म्हणतात. मत कुणाला दिलं, हे काकांनी काकूंनाही सांगितलेलं नाही. ते गुप्त असतं.

त्यानंतरच्या भागात एका दृश्यात, मेजवानीच्या टेबलावर, आजच्या जमान्यातला कॉफीचा कागदी कप राहून गेला. जग हसलं, काका हसले नाहीत. ‘नियंत्रित क्षेत्रात खाणंपिणं?’ त्यांचा चेहरा गंभीर झाला. किरणोत्सारी पदार्थ हाताळायच्या जागी घोटभर पाणी प्यायचीही मुभा नसते. त्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला ड्रॅगनपेक्षा तो कप भयंकर वाटला. ‘आमच्याकडं असता तर मेमो निघाला असता,’ एवढं बोलून ते गप्प बसले. नोकरीबद्दल त्यांच्या तोंडून बाहेर पडलेलं हे बहुधा एकमेव वाक्य असावं.

इथं काकांच्या समीक्षेविषयी सांगितलं पाहिजे, कारण ती अनाकलनीय आहे. मेलेला माणूस उठून लढतो, ते त्यांना चालतं. बाई आगीतून न जळता बाहेर येते, तेही चालतं. पण सैन्य उत्तरेकडून दक्षिणेला एका भागात पोचलं की ते टीव्हीशी भांडतात: ‘आपल्याला मानखुर्दहून सीएसएमटीला जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हे निम्मा देश ओलांडतात, आणि तेही कुर्ल्याला न रखडता!’ ड्रॅगननं राजधानी जाळली त्या दिवशी काकांचा प्रश्न वेगळाच होता. हा इतकी आग ओकतो, तर इंधन कधी भरतो? एकदाही दाखवलेलं नाही. शेवट न आवडल्यामुळं तो अख्खा हंगाम पुन्हा बनवा, अशा मागणीवर जगभरातून दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या. काकांनी केली नाही. सरकारी माणूस सही करण्यापूर्वी फाइल मागतो.

पुढं १२ सप्टेंबर २०२२पासून झी मराठीवर ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ आली आणि परदेशी ड्रॅगन घरातून हद्दपार झाला. रात्री साडेदहाची वेळ, त्रिनयना देवी, भविष्य दिसणारी नेत्रा, आणि ऐश्वर्या नारकरांनी रंगवलेला रूपालीच्या रूपातला विरोचक. पुढं काय होणार ते आधी दिसणारी नायिका! काकांना आयुष्यात प्रथमच पडद्यावर आपलं माणूस भेटलं. फरक इतकाच, की नेत्रा संकट टळावं म्हणून सांगायची.

या मालिकेपायी त्यांची गाठ पडली ती कॉलनीच्या गेटाबाहेर बसणाऱ्या मावशीशी. मावशी ट्रॉम्बे कोळीवाड्यातली. तिचाही या मालिकेवर जीव, पण तिची तक्रार काकांच्या तक्रारीहून खोल होती. ‘काका, ह्यांची अमावास्या कवापन येते,’ ती म्हणायची. ‘परवा अमावास्या दाखवली. आमच्या खाडीत तवा भांग होता. पानी हलंना, होरी चिखलात बसलेली.’ काका पंचांगाला मानत नाहीत. पण भरती-ओहोटी चंद्रावर चालते, हे त्यांना नाकारता येईना. अमावास्या-पुनवेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हा हिशेब मावशीला कुठल्या प्रयोगशाळेनं शिकवला नव्हता. विरोचकाची शक्ती अमावास्येला वाढते, यावर दोघांचं एकमत होतं. फक्त त्या दिवशी अमावास्या नव्हती, यावर मावशी ठाम होती. मासे घ्यायला आलेली गिऱ्हाइकं मागं ताटकळत. आणि वाद संपला की काका, भाग न पाहिलेल्या त्या सगळ्या बायकांना, मान हलवून, काल काय झालं ते कळवून जात. मावशीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. ती पहाटे उठणारी, रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी बघायची. ‘मना नका सांगू’ असं ती रोज म्हणायची, आणि काका रोज ‘मी कुठं सांगतोय’ असं म्हणत सांगायचे.

एका बुधवारी काका काकूंना घेऊन मासे घ्यायला गेले. मावशीनं टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि सहज म्हणाली, ‘काका, आज रात्री इरोचक काय करतो म्हायती हाय?’

काका हसले. रात्र व्हायची होती. कुणालाच माहिती असायचं कारण नव्हतं.

‘नातीनं फोनवर दाखवला. पैसं भरलं का टीवीच्या आधीच येतो म्हने. मी सांगत नाय. फक्त त्या पोरीची दया येते.’

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग मी पाहिला आहे. टीव्हीवर फुकट दिसतं त्यासाठी ॲपला पैसे भरायचे नाहीत, हे त्यांचं तत्त्व होतं. ‘मावशी, नको,’ ते म्हणाले.

‘कंच्या पोरीची ते बी नको?’

‘नको म्हणतोय ना!’

‘मंग चिंबोऱ्या घ्या.’

पुनव दोन दिवसांवर होती. पुनवेच्या चिंबोऱ्या पोकळ निघतात, त्या अमावास्येलाच घ्याव्यात, हे ट्रॉम्बेत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. काकांनी भाव विचारला. मावशीनं सांगितला तो ऐकून मागची बाई ‘अगंबाई’ म्हणाली. काकांनी खिशात हात घातला आणि घासाघीस न करता नोटा मोजल्या.

‘आनि बोंबील?’ मावशी म्हणाली. ‘का ती कुठं पडते ते सांगू?’

काकूंनी पिशवीचं तोंड मघापासूनच उघडून धरलं होतं.