जिन्याखालच्या जागेचा कर

हद्दीत नव्यानं आलेल्या गावांतल्या रहिवाशांची एक कायमची तक्रार असते, की महापालिका आपल्याकडे बघतच नाही. हा शुद्ध कृतघ्नपणा आहे. करआकारणीचा माणूस टेप घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा त्याची नजर बघावी. गॅलरी कधी बंद केली, मागची पत्र्याची शेड कधी उभी राहिली, सगळं त्याला दिसतं. जिन्याखालची स्कूटर लावायची जागासुद्धा तो सोडत नाही. त्या जागेत माणसाला ताठ उभं राहता येत नाही, पण बिलावर ती ताठ उभी असते. आणि त्याच इमारतीत, बहुधा एक मजला वर, विकास आराखडा आखणारा विभाग बसतो. त्याला त्याच सर्व्हे नंबरवर जिना दिसत नाही, जिना ज्याला चिकटलाय ते घरही दिसत नाही. तिथं त्याला बाग दिसते. नकाशावर छान हिरवा रंग, त्यावर आरक्षणाचा क्रमांक. म्हणजे बिल आणि नकाशा एकावर एक ठेवले, तर घसरगुंडी नेमकी जिन्याखाली येते. लहान मुलांच्या दृष्टीनं सोयीचंच आहे म्हणा. घसरगुंडीवर बसतानाही वाकायचं असतंच.

यावर नगररचनेतले जाणकार लगेच सांगतात, की ही घरं गुंठेवारीतली, अनधिकृत, मग नकाशावर येतील कशी? हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, टिकत मात्र नाही. महाराष्ट्राच्या 1966च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानं आराखड्याआधी सर्वेक्षण सांगितलं आहे आणि जमिनीवर आज काय आहे याचा, म्हणजे विद्यमान जमीन वापराचा नकाशा करायला लावलं आहे. ‘आज काय आहे’ हा परवानगीचा प्रश्न नाही, तो डोळ्यांचा प्रश्न आहे. परवानगी नसली म्हणून भिंत पारदर्शक होत नाही. दुसरं असं, की घर अनधिकृत आहे हे महापालिकेला पक्कं ठाऊक असतं, कारण महापालिका अधिनियमाच्या कलम 267-अ मध्ये अशा घरासाठी शास्तीची तरतूद आहे. मूळ तरतुदीप्रमाणे ही शास्ती कराच्या दुप्पट, आणि तीही दर वर्षी. लहान घरांना पुढे सवलती आल्या, पण मूळ हिशेब साधा होता. कर एक पट, शास्ती दोन पट. म्हणजे अनधिकृत घर या कार्यालयाला अधिकृत घरापेक्षा तिप्पट स्पष्ट दिसतं. शिवाय शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये, हेही कायद्यानं बजावून ठेवलंय. घर पैसे घेण्यापुरतं आहे, पावती फाडून झाली की पुन्हा नाही.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. बागा, शाळा, दवाखाने हवेत की नकोत? हवेत, आणि त्यासाठी कुणाची तरी जमीन जाणार, हेही मान्य. पण जाणार म्हणजे घेणार ना? आरक्षण टाकायला रंग लागतो, जमीन घ्यायला मोबदला लागतो, आणि महापालिकेकडे भरपूर आहे तो रंग. कायद्यानं दहा वर्षं दिली आहेत. तेवढ्यात ताबा घेतला नाही तर मालकानं कलम 127ची नोटीस द्यायची आणि पुढे आणखी 24 महिने वाट बघायची. या बारा वर्षांत त्या जागेवर बांधकाम परवानगी मिळत नाही, बँक कर्जाला हात लावत नाही, गिऱ्हाईक झोन दाखला बघून चहा न घेता उठतं. कराचं बिल तेवढं चुकत नाही. नकाशाप्रमाणे हे कुटुंब बारा वर्षं सार्वजनिक बागेत राहतंय. मग बागेत राहणाऱ्यांकडून घरपट्टी कसली घेता? बागेच्या तिकिटाचे पैसे घ्या, दोन-पाच रुपये होतील.

लोकांनी बोलायचं कुठं, तर हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत आहे. त्या मुदतीत कॉरिडॉरमध्ये टांगलेल्या नकाशावर आपलं घर शोधायचं, जे तिथं नाहीच. मग सुनावणी. नियोजन समितीपुढे हजारो अर्जदार, प्रत्येकाला दोन-चार मिनिटं, आणि शेवटी ‘नोंद घेतली’. अहो, जिन्याखालची जागा मोजायला तुमच्याकडे माणूस आहे, टेप आहे, पुन्हा येऊन खात्री करायची चिकाटी आहे. मग ज्याचं अख्खं छप्पर जाणार त्याच्यासाठी चार मिनिटं? ही गफलत असती तर कधीतरी उलटीही झाली असती. नकाशावर घर दिसलं आणि बिलावर विसरलं, असं एखादं उदाहरण दाखवा. दिसणं आणि न दिसणं दोन्ही दर वेळी तिजोरीच्याच सोयीनं घडत असेल, तर त्याला डोळ्यांचा दोष म्हणत नाहीत, डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात.

तेव्हा रहिवाशांनो, हरकतीचा अर्ज लिहिताना भावनिक मजकूर कमी करा आणि चालू वर्षाच्या कराच्या बिलाची झेरॉक्स जोडा, मोजमापाचा तक्ता असेल तर तोही. तुमचं घर अस्तित्वात आहे याचा महापालिकेनं स्वतः, स्वतःच्या टेपनं मोजून दिलेला तो पुरावा आहे. आराखड्याच्या भाग नकाशाची प्रत खाली कर विभागात द्या आणि बागेवर घरपट्टी कोणत्या कलमाखाली लागते ते लेखी विचारा. दोन्ही मजल्यांवरून तारखेच्या शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय हलू नका.