शेवाळ खाणारा मासा : निवडीसाठी सूचना

तासगाव, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यात ज्याच्या वस्तीमागं शेततळं आहे, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. लक्षणं अशी : पाणी हिरवंगार, कडेच्या प्लास्टिक कागदावर बुळबुळीत थर, सँड फिल्टर सारखा बॅकवॉश मागतोय आणि शेवटच्या ओळीतल्या डाळिंबाला ड्रिपरमधून थेंबही पोचत नाही. टेंभू सिंचन योजनेचं आवर्तन येऊन तळं पुन्हा भरलं, तरी आठवड्यात रंग पूर्ववत. अशा वेळी मालकानं शेवाळ खाणाऱ्या माशाची निवडणूक जाहीर करावी. जागा एक. साखर कारखान्याची निवडणूक पाहिलेल्याला बाकीचं सांगायला नको.

पहिला अर्ज गवत्याचा, म्हणजे ग्रास कार्पचा. हा मूळचा चीनकडचा. 1959 साली हाँगकाँगमार्गे भारतात आला. नावातच जाहीरनामा असल्यानं मालक भुलतो. पण याची खरी ओढ पाणवनस्पती आणि बांधावरच्या कोवळ्या गवताकडं. शेवाळ तोंडी लावण्यापुरतं. शिवाय आतडं आखूड, त्यामुळं खाल्लेल्यातलं बरंचसं अर्धवट पचून पाण्यातच परत. म्हणजे शेवाळाला खत घरपोच.

दुसरा चंदेरा, सिल्व्हर कार्प. त्याच वर्षी जपानहून आलेला. हा मात्र खरोखर काम करणारा उमेदवार. कल्ल्यांत गाळणी असते. पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ तो गाळून खातो. गाळणीतून निसटण्याइतकं बारीक शेवाळ मागं राहतं आणि मोकळं रान मिळाल्यानं फोफावतं. कागदाला चिकटलेलं, धाग्याधाग्यांचं शेवाळ? ते आपल्या प्रभागात येत नाही, असं त्याचं म्हणणं. अमेरिकेत 1970च्या दशकात त्याला नेमकं शेवाळ आवरायच्या कामासाठीच नेलं होतं. तिथं तो तळ्यांतून निसटून मिसिसिपीच्या खोऱ्यात पसरला, आणि आता बोटीच्या आवाजानं उड्या मारून बोटीतल्यांची तोंडं फोडतो. म्हणून सांडव्याच्या पाइपाला जाळी बांधावी. खटावातल्या तळ्याचं पाणी ओढ्यातून येरळेला आणि येरळा ब्रह्मनाळला कृष्णेत. पुढचं सांगलीकरांनी निस्तरायचं, हे बरं नव्हे.

तिसरी चिलापी, म्हणजे तिलापिया. ही 1952 पासून देशात आहे आणि शेवाळ खाते, यात वाद नाही. पण मादी अंडी तोंडात सांभाळते आणि उबदार पाण्यात वरचेवर विते. एका जागेच्या निवडणुकीत तिचं सगळं भावकीचं गाव निवडून येतं, नि बोटाएवढ्या पिल्लांनी तळं भरतं.

कटला, रोहू, मृगळ हे पॅनेल करून येतात : एक पृष्ठभागावर, एक मध्ये, एक तळाशी. घराणं चांगलं, शेवाळाबद्दल त्यांनी कधी शब्द दिलेला नाही. आरोग्य खात्याचे गप्पी मासे डासांच्या अळ्यांपुरते.

इथवर आलात की बांधावरून शेजारी डोकावतोच. "अण्णा, मासं कशाला? मोरचूद टाका की वाईच!" द्राक्षाच्या बोर्डोसाठी आणलेलं मोरचूद घरात असतंच. शेवाळ मरतं, खरंय. मात्रा चुकली तर मासेही मरतात. मात्रा जमली तरी मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मग पहाटे बॅटरी घेऊन तळ्यावर जावं, तर सगळे मासे तोंड वर काढून हवा गिळत असतात. ढगाळ दिवसानंतर दाट शेवाळामुळं मोरचूद न टाकताही असंच होतं; दिवसा प्राणवायू देणारं शेवाळ रात्री तोच वापरतं.

आता मतदार कोण, तेही पाहावं. बारा-एकसष्ट खताची बादली तळ्यात विसळतो कोण? स्लरीचा ड्रम वरच्या कडेला ठेवला कुणी? पहिल्या वळवात तो सगळा माल उतारानं आत येतो. स्फुरद आपण पोत्यानं पुरवायचं आणि ते चंदेऱ्यानं तोंडानं उपसायचं, हा हिशोब कुठल्याही कारखान्याच्या ताळेबंदात बसणार नाही.

त्यातही एक सोय आहे. माशाच्या अंगात साठलेलं नत्र आणि स्फुरद मासा तळ्याबाहेर गेला की कायमचं जातं. म्हणून किलो-दीड किलोचा चंदेरा जाळ्यात आला की दया दाखवून परत सोडू नये. काटे फार असतात. पातळ चिरा देऊन कडक तळावा. घर माळकरी असेल तर बांधावर जाऊन नुसती हाक मारावी. मोरचूद सुचवणारा पिशवी घेऊनच येईल.