शिट्टीवाले भाऊ

पुण्याच्या माणसाला ट्रेकर व्हायला फारसं काही करावं लागत नाही. रविवारी घरात कंटाळा आला की सिंहगड समोर उभाच असतो. आम्हा यवतमाळकरांना आधी डोंगर शोधावा लागतो, मग हा डोंगरच आहे हे सोबतच्यांना पटवून द्यावं लागतं, आणि चढायचं त्यानंतर. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत, वर्धा आणि पैनगंगा आहेत, सागाचं जंगल आहे, वणीकडे कोळसा आहे, कापसाचं तर बोलायलाच नको. पण सह्याद्रीसारखा अंगावर येणारा कडा शोधून सापडणार नाही. अशा मुलखात ट्रेकिंगचा क्लब काढायचा आणि तो चालवायचा, म्हणजे त्यासाठी माणूसच वेगळ्या मातीचा लागतो. तो माणूस म्हणजे शिट्टीवाले भाऊ.

प्रत्येक क्लबात असा एक भाऊ असतोच. वय पन्नाशीच्या अल्याडपल्याड. पोटापाण्याला बँक, जिल्हा परिषद, विमा नाहीतर कृषी केंद्र. पोट आहे; पाणी मात्र नेहमी दुसऱ्याच्या बाटलीतलं. पँटला सहा खिसे. त्यातल्या एकात खर्रा असतो आणि बाकीचे पाच वहिनींना दाखवायला. गळ्यात शिट्टी. ती वाजली की पाखरं उडतात, माणसं मात्र होती तिथेच बसून राहतात.

भाऊंच्या आयुष्याचे दोन भाग आहेत: सरपासच्या आधीचा आणि सरपासनंतरचा. यूथ हॉस्टेल्सतर्फे दर उन्हाळ्यात कसोलहून हिमालयातला हा ट्रेक निघतो आणि चढत चढत साडेतेरा हजार फुटांच्या वर नेतो. भाऊ तिथे एकदाच गेले, पण परत अजून आलेले नाहीत. निळोणा धरणाच्या भिंतीवर उभं राहून ते म्हणतात, "सरपासला असाच वारा होता." उमर्ड्याच्या झाडीत पाय मुरगळला तर म्हणतात, "सरपासला एकाचा असाच मुरगळला होता." मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, दत्त चौकात उसाचा रस पिता पिताही त्यांना बर्फच आठवतो. सरपासला प्रत्येक तुकडीत एक ग्रुप लीडर निवडतात आणि एक पर्यावरण लीडर. पर्यावरण लीडरने गोणी घेऊन मागून चालायचं आणि इतरांनी टाकलेली बिस्किटांची वेष्टणं वेचायची. भाऊ तिथे हा दुसरा लीडर होते. कसोल ते यवतमाळ या प्रवासात त्या पदातला पहिला शब्द कुठेतरी गळून पडला.

क्लबची सुरुवातही भाऊंनीच केली. नाव काय ठेवायचं यावर तीन सभा झाल्या. कोणी 'सह्याद्री' सुचवलं. त्यावर कोणी विचारलं, यवतमाळहून सह्याद्री किती लांब? 'गिरी' घालावं तर गिरी कुठाय? मुंबईला गिरिविहार १९५४ पासून आहे. पुण्याच्या गिरिप्रेमीची आठ माणसं २०१२ साली एव्हरेस्टवर जाऊन आली. त्यांच्या पंगतीत आपण कोणत्या तोंडाने बसायचं, हा मुद्दा निघाला तेव्हा भाऊ उभे राहिले. "दुर्गभ्रमणाचं वेड अख्ख्या महाराष्ट्राला लावणारे गोनीदा जन्मले कुठी? परतवाड्यात! पुण्यात नाही जन्मले." टाळ्या पडल्या. नाव काही ठरलं नाही, त्यामुळे आजही सगळे नुसतं 'क्लब'च म्हणतात. दुसरा मुद्दा उंचीचा. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, नागपूर-वर्धा त्याहून खाली. "म्हणजे आपण आधीच चढून बसलो आहोत," असं भाऊंचं गणित. नागपूरचा माणूस आपल्याकडे एसटीने आला की त्याचा अर्धा ट्रेक झालाच, असं ते नागपूरच्या पाहुण्यांना तोंडावर सांगतात.

आदल्या रात्री ग्रुपवर निरोप पडतो: "पोस्टल मैदान. सकाळी पाच शार्प. जो नाही आला त्याला सोडून देणार." भाऊंनी आजवर कोणालाही सोडलेलं नाही. पाचला फक्त काकाजी येतात. काकाजी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. सुटण्याच्या वेळेला स्टँडवर नसणं हे त्यांच्या रक्तातच नाही. सव्वापाचला दोन कॉलेजची पोट्टी येतात, साडेपाचला बँकेच्या मॅडम, आणि पावणेसहाला स्वतः भाऊ. आल्या आल्या ते घड्याळाकडे बघून "लोकांना वेळेची किंमतच नाही" असं म्हणतात. मग चहा. सहा वाजून गेल्यावर आमचा काफिला चौसाळ्याच्या टेकडीकडे निघतो आणि सूर्य आमच्या आधी वर पोचलेला असतो.

पावसाळ्यातला ट्रेक पाहायचा तर आमच्याकडे यावं. सह्याद्रीत पाऊस पडला की माणूस घसरतो. इथे तो उंच होतो. टेकडीचा मुरूम लागायच्या आधी पांदणीतून जावं लागतं आणि श्रावणातल्या पांदणीची काळी माती एकदा बुटाला धरली की सोडत नाही. पहिल्या दहा पावलांत तळव्याला एक थर बसतो. त्यावर सोयाबीनची पानं, काड्या, शेणाचा अंश, त्यावर पुन्हा माती. शंभर पावलांनी प्रत्येकाच्या पायाखाली एकेक वीट आलेली असते आणि सगळे पंढरपूरच्या विठोबासारखे उभे, कमरेवर हात ठेवून. भाऊ मग कुंपणातून एक वाळकी तुराटी उपसतात आणि बूट कसा खरवडायचा याचं प्रात्यक्षिक देतात: आधी टाच, मग चवडा, मग कड. डावा बूट साफ होईपर्यंत उजवा चिखलात आणखी चार बोटं रुतलेला असतो. मागून वावराचा मालक ओरडतो, "अहो, कुंपण कायले मोडता?" भाऊ तुराटी परत खोचतात, "राम राम" करतात आणि पुढच्या दोन मिनिटांत त्या माणसाचं गाव, पीक, जावई आणि बोंडअळी यांची सगळी माहिती काढतात. रस्ता विचारायचा तेवढा राहून जातो.

रस्ता भाऊंना कधीच माहीत नसतो. मोबाइलवर नकाशा उघडतात आणि स्वतःच गोल फिरत उत्तर शोधतात. एकदा असंच जांबच्या बाजूला भरकटलो असताना शेळ्यांमागे एक गुराखी भेटला. त्याने आमच्या टोप्या, काठ्या, पाठीवरच्या पिशव्या नीट पाहून घेतल्या.

"काही हरवलं का जी?"

"नाही, चालायला आलो."

"चालाले? कोणी सांगतलं?"

"कोणी नाही. आपल्या मनानं."

"पैसे भेटते का?"

"उलट पन्नास रुपये भरावे लागतात."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग सहानुभूतीने म्हणाला, "डॉक्टरनं सांगतलं असन." रोही आणि रानडुकरांपायी ज्याला रात्रभर मचाणावर जागल करावी लागते, त्याला सुटीच्या दिवशी रानात फुकट येणारा माणूस आजारीच वाटणार. भाऊंनी त्याला चिवडा दिला आणि त्याने आम्हाला वाट दाखवली. त्या दिवशीचा खरा लीडर तोच, हे भाऊंनी ग्रुपवर लिहिलं, आणि खाली फोटो टाकला स्वतःचा.

पण भाऊंचं खरं काम मोजणीचं. ते गर्दीभोवती फिरत बोट नाचवत मोजतात. मधेच कोणाच्या तरी मुलीचा बारावीचा निकाल आठवतो, तो विचारतात, आणि आकडा सांडतो. निघताना चौतीस, माथ्यावर पस्तीस. वेदान्तातल्या गोष्टीत दहा जण नदी ओलांडून आल्यावर नऊच भरतात, कारण मोजणारा स्वतःला विसरतो. आमच्या भाऊंच्या मोजणीत माणूस वाढतो. त्या दिवशी वाढलेला होता शेजारच्या पोडावरचा एक पोरगा, चिवड्याच्या रांगेत शिस्तीने उभा. काकाजी एकदाच रांगेतून चालत गेले, बोटाच्या पेरांवर मोजलं आणि म्हणाले, "चौतीस अधिक एक हाफ तिकीट." तेव्हापासून आकडा काकाजींचा आणि शिट्टी भाऊंची अशी वाटणी झाली आहे.

तरीही मोजणी भाऊच करतात असं मी मानतो. आकडा चुकतो, माणूस चुकत नाही. बँकेच्या मॅडम कोल्हापूरहून बदलून आलेल्या. पहिले दोन महिने त्यांना या गावात कॅशियर आणि डबेवाल्या मावशी सोडून कोणी ओळखत नव्हतं. भाऊ खात्याच्या कामाला गेले आणि पासबुकाबरोबर रविवारचं निमंत्रण देऊन आले. पहिल्या ट्रेकला मॅडमनी "डोंगर कुठाय?" असं विचारलं, ते भाऊंनी पोटात घातलं, त्यांच्या पोटात जागा आहे. तिसऱ्या रविवारपर्यंत मॅडमना किरायाची चांगली खोली, दातांचा डॉक्टर, गॅसची शेगडी आणि भांडायला दोन मैत्रिणी मिळालेल्या होत्या. एक निवृत्त मास्तर बायको गेल्यावर घराबाहेर पडेनासे झाले होते. भाऊ दर शनिवारी त्यांना फोन करत: "सर, चालू नका. फक्त पोह्यांपुरते या." सर बरेच दिवस नाही म्हणाले. मग एकदा आले, तर्री-पोहे खाल्ले आणि निघून गेले. आता ते सगळ्यांत पुढे चालतात आणि भाऊंच्या व्याकरणाच्या चुका काढतात.

२०१८ चा उन्हाळा यवतमाळकर विसरणार नाहीत. निळोणा आटला होता आणि नळाला पाणी कधी येईल यावर गावात पैजा लागत होत्या. त्या वर्षी वॉटर कपच्या श्रमदानाला क्लब गेला. भाऊंनी कुदळ उचलली, तीनदा मारली, पाठ धरली आणि सावलीला बसले. पण गावातून गाडी भरून माणसं त्यांनीच आणली होती. बसल्या जागेवरून शिट्टी मारून पाट्या टाकणाऱ्यांची साखळीही त्यांनीच लावली, आणि दमलेल्याला नेमका वेळेवर उठवून दुसऱ्याला उभंही त्यांनीच केलं. चर खोदून झाला. त्यात भाऊंच्या कुदळीची माती ओंजळभर असेल.

पाऊस गाठायचा आणि आम्ही एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात शिरायचो, हे ठरलेलंच. तिथे भाऊ जर्मनीत जातात. रिचर्ड शिरमान नावाचे एक मास्तर २६ ऑगस्ट १९०९ ला मुलांना घेऊन असेच पायी निघाले होते; वादळाने गाठलं, एका शाळेत रात्र काढावी लागली आणि त्या रात्री त्यांना यूथ हॉस्टेलची कल्पना सुचली. गोष्ट खरी आहे. पण भाऊ ती सांगताना व्हरांड्याच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की मागच्या रांगेला वाटतं, भाऊंच्या कोणा मित्राची चड्डी भिजली. "आपणही आज अशाच ऐतिहासिक जागी उभे आहोत!" भाऊ गरजतात. "पत्रा गळते ना भाऊ," पोट्टी म्हणतात.

हिवाळ्यात रोडग्यांचा कार्यक्रम. रानात जाळ करायचा नाही हे भाऊ सरपासहून शिकून आलेत. तिथला कॅम्पफायरही बिनाआगीचा असतो. म्हणून रोडगे कोणाच्या तरी वावरात. कणकेच्या लहान पोळ्या तेल लावून एकात एक गुंडाळायच्या, गोळा वळायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा, राख झटकून फोडायचा, वर तूप, सोबत वांग्याची भाजी. चार रोडगे झाले की वार्षिक सभा सुरू होते. हिशेब वाचला जातो, चाळीस रुपये जास्त निघतात, ते कोणाचे यावर अर्धा तास जातो. मग टिपेश्वरच्या वाघाचा विषय. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला हा वाघ जून २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघाला. तेलंगणात डोकावून, नांदेड-हिंगोलीकडून वावरं तुडवत, पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. जिल्ह्याने घडवलेला सर्वांत मोठा ट्रेकर तोच, असा ठराव दरवर्षी मांडला जातो आणि दरवर्षी भाऊ त्याला विरोध करतात. "गेला तेराशे किलोमीटर, पण एकटा गेला ना! तिकडे पोचला तर ना वाघीण, ना कोणी. क्लब असता तर असं झालं असतं का?" वनखात्यालाही त्याच्या जोडीदाराचीच चिंता होती, हे भाऊंना कळलं तेव्हा ते आठवडाभर ताठ चालत होते.

याच सभेत भाऊ दरवर्षी राजीनामा देतात. "आता तरुणांनी पुढं यावं." सगळे "नाही नाही भाऊ" म्हणतात, भाऊ डोळे पुसतात, आणखी एक रोडगा घेतात. गेल्या वर्षी मात्र बी. एस्सी.ला असलेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "द्या मग शिट्टी." कोणालाच काय बोलावं कळेना. भाऊंनी दोरी मानेतून काढली. ती कानात अडकली, तेवढाच काय तो विलंब.

रात्री तिचा निरोप आला: "पाच वाजता." पुढे 'शार्प'ही नव्हतं. पाच वाजून दहा मिनिटांनी पोस्टल मैदान मोकळं झालं होतं. भाऊ पावणेसहाला आले, टपरीवाल्याकडून सगळं समजलं, स्कूटरला टाच मारली आणि टेकडीच्या पायथ्याशी आम्हाला गाठलं, लालबुंद. "मला सोडून गेले? मला?"

"भाऊ, तुम्हीच तर तसं लिहीत होते," ती म्हणाली. उशिरा येणाऱ्याला दंड म्हणून नवं पद आहे, असंही तिने सांगितलं आणि खताची एक रिकामी गोणी त्यांच्या हातात दिली. सगळ्यांत मागून चालायचं, वेष्टणं वेचायची.

भाऊंनी गोणी उलटसुलट करून पाहिली. "ही लहान आहे," ते म्हणाले, "सरपासला याच्या दुप्पट होती."