गाडीत मागे कोण बसलंय?

मण्यार रात्री येते. जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश मुंगी चावल्याइतका, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, झोप झाली नसेल.

झोप कसली? श्वास थांबायला निघालाय.

बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरच्या जिरायत पट्ट्यात हे कुणाला नव्याने सांगायला नको. मग आजही पहिली फेरी मांत्रिकाकडे का?

दवाखान्यात गेलं की सगळे विचारतात, सापाचं इंजेक्शन आहे का? विचारायलाच हवं. पण ते औषध रक्तात फिरणारं विष पकडतं. मज्जातंतूंच्या टोकाला जाऊन बसलेलं विष त्याला उठवता येत नाही. छातीचे स्नायू लुळे पडतात. हृदय चालू असतं, माणूस ऐकतही असतो.

फक्त हवा आत जात नाही.

ती कुणीतरी भरत राहायची. कधी काही तास, कधी काही दिवस. मज्जातंतू सावरले की तोच माणूस चालत घरी जातो.

अशी हवा भरत राहून माणूस खरंच जगतो? १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वासाची यंत्रं मोजकी, रोगी शेकड्यांनी. ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरने गळ्याला छेद देऊन नळी घालायला लावली आणि विद्यार्थ्यांच्या हाती रबरी पिशवी दिली. सुमारे दीड हजार पोरांनी पाळ्या लावून ती दाबली. माणसं जगली.

हाताच्या जोरावर.

चारच वर्षांनी, १९५६ मध्ये, त्याच डेन्मार्कमध्ये हाताने दाबायची पिशवी, अंबू बॅग, आली. तिला वीज लागत नाही. साध्या स्मार्टफोनपेक्षा स्वस्त मिळते. पण दाबायची कशी? मान मागे, हनुवटी वर. एकाने दोन्ही हातांनी मास्क घट्ट धरायचा, दुसऱ्याने दाबायचं. मोठ्या माणसाला पाच-सहा सेकंदांनी एकदा, छाती उचलेल इतकंच. घाबरून जोरात दाबलं की हवा पोटात जाते, उलटी होते आणि तीच श्वासनळीत उतरते.

हे वाचून येत नाही. पुतळ्यावर, पुन्हा पुन्हा करून येतं.

कोरोनात आपण यंत्रं मोजली. २०२१ मध्ये पीएम केअर्सच्या नादुरुस्त व्हेंटिलेटरची दखल उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला घ्यावी लागली. चालवणारे हात कुणी मोजले?

गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जीव जातो तो मधल्या रस्त्यावर. १०८ला फोन करताना नुसतं ‘साप चावलाय’ म्हणू नका. ‘श्वास लागलाय’ हेही सांगा, म्हणजे श्वास देता येईल अशी गाडी मागता येते. गाडी आली की बघा, मागे रोग्याच्या उशाशी कोण बसलंय.

पुढच्या ग्रामसभेत रस्ता-गटाराआधी विचारू या: केंद्रात पिशवी आहे? रात्रपाळीच्या सिस्टरने ती शेवटची कधी दाबून पाहिली?

आणि चार वर्षांच्या पोराच्या तोंडाला बसेल असा मास्क आहे का?