दिवाणखान्यातील सूर्य : निवड आणि जोडणी

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीराला लागणारी ऊब मुख्यतः बाहेरूनच घ्यावी लागते. म्हणूनच दगडावर अंग पसरून ऊन खाणे ही कासवाची चैन नसून गरज आहे, कारण अंग तापल्याशिवाय त्याला खाल्लेले नीट पचत नाही. नाशिकच्या एखाद्या फ्लॅटमध्ये काचेच्या टाकीत पोहणाऱ्या, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेल्या अमेरिकी कासवाला हे ऊन बल्बमधून पुरवावे लागते. (भारतीय स्टार कासव घरात पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा असल्यामुळे त्याच्यासाठी बल्ब निवडू पाहणाऱ्याने आधी वकील निवडावा.)

निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात; टाकीतल्या कासवासाठी मात्र कोणी काडीही ओढत नाही. ते मान आणि पाय कवचात ओढून, समोरच्या खाण्याकडे पाठ फिरवून निपचित पडते आणि गीतेतील स्थितप्रज्ञाचे लक्षण पाठ असलेले घरातील आजोबा त्याच्या वैराग्याचे कौतुक करतात. वस्तुतः ते गारठलेले असते.

यावर उपाय करू पाहणाऱ्यास एक ऐतिहासिक अडचण येते. जुना तारेचा बल्ब विजेचा जेमतेम दहावा हिस्सा उजेडात घालतो आणि बाकीची सगळी उष्णतेत उधळतो, या उधळेपणापायीच तो घराघरांतून हद्दपार झाला आणि २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने त्याच्या जागी काटकसरी एलईडी बसवला. कासवाला मात्र नेमका तो उधळ्याच हवा असतो. दुकानात ‘पिवळा बल्ब’ मागितल्यास दुकानदार पिवळ्या उजेडाचा एलईडी वॉरंटीसह हातावर ठेवतो. त्याखाली कासव सोन्याचे दिसते, पण गारच राहते.

तारेचा किंवा हॅलोजन बल्ब मिळाला तरी तो प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये लावू नये, कारण होल्डर तापून वितळतो. त्यासाठी चिनी मातीचा होल्डर, बल्बभोवती जाळी आणि पक्का आधार लागतो. सुतळीने बांधलेला बल्ब पाण्यात पडल्यास काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. तापलेल्या काचेवर पाण्याचे शिंतोडे उडाले तरी ती तडकते. म्हणून काही बल्बांवर नॉनस्टिक तव्यासारखा लेप देतात, परंतु तो लेप तापून निघणारा वायू पक्ष्यांचा जीव घेऊ शकतो, त्यामुळे त्याच खोलीत लव्हबर्ड्सचा पिंजरा असल्यास असा बल्ब वर्ज्य समजावा. अतिनील किरणांची नळी वेगळी घ्यावी लागते; साधा बल्ब ते किरण पुरेसे देत नाही, खिडकीची काच ते अडवते आणि त्यांच्यावाचून ड जीवनसत्त्व व पर्यायाने कॅल्शियम कमी पडून कवच मऊ होते.

बल्ब किती वॅटचा, हा सर्वत्र विचारला जाणारा प्रश्न दुय्यम आहे. बसायच्या कोरड्या दगडावर ३२ ते ३५ अंश सेल्सियस मिळेल इतक्या अंतरावर बल्ब टांगावा आणि उकडू लागल्यास कासवाला सरकता यावे म्हणून टाकीची दुसरी बाजू थंड ठेवावी. मापनासाठी करोनाकाळात सोसायटीच्या फाटकावर वापरलेली तापमापी बंदूक कपाटातून काढण्याचा मोह होतो. परंतु कपाळासाठी बनवलेले ते यंत्र दगडाच्या आकड्यात माणसाच्या तापाचा हिशेब मिसळते. साधा थर्मामीटर दगडावर ठेवणे अधिक शास्त्रीय.

राहिला खर्च. पन्नास वॅटचा बल्ब दहा तास जळला की अर्धा युनिट वीज लागते. दोन हजार वॅटचा गीझर पाव तासात तेवढीच खातो. म्हणजे कासवाचे दिवसभराचे ऊन आणि कुटुंबप्रमुखांची एक आंघोळ यांचा खर्च सारखाच असतो; तरीही डिसेंबरचे बिल आले की चौकशी कासवाचीच होते.