'पुढे जा' म्हटलं की घरी

फोन रात्री अपडेट होतो. माणूस तो चार्जिंगला लावून निर्धास्त झोपतो आणि सकाळी उठून बघतो तर पतसंस्थेच्या ॲपमधलं 'पुढे जा' हे बटण तळाच्या तीन खुणांच्या मागे जाऊन बसलेलं. अंधुकसं दिसतं, त्यामुळे आशाही सुटत नाही.

ते ॲप आमचं. सोमवारी मॅनेजरसाहेबांचा फोन आला, "एक गुरुजी समोर बसलेत, तुम्हीच बोला." गुरुजी शांतपणे म्हणाले, "मी 'पुढे जा' दाबतो आणि हा मला होमला पाठवतो. तीनदा पुढे गेलो, तीनदा घरी आलो. आरडीचा हप्ता तसाच राहिलाय."

आमच्या धंद्यात अशा वेळी म्हणायचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "माझ्या फोनवर तर चालतंय." टेस्टरनं ते म्हटलं. खोटं नव्हतं, त्याच्या फोनवर अँड्रॉइड १३ होतं. मग "कॅशे क्लीअर करा." मग "ॲप काढून परत टाका." गुरुजींनी सगळी पथ्यं पाळली आणि शेवटी पासवर्ड विसरल्याचं उघड झालं. ही तक्रार सोडवण्यासारखी होती. ती सोडवून आम्ही तिकीट बंद केलं.

बटण तिथेच.

दोष आमच्याच एका ओळीत होता. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर अपडेट टाकायचं तर ॲपचं टार्गेट ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, हवं असा नियम आला. आम्ही ३४ चे ३५ केले आणि चहाला गेलो. त्या ३५ चा अर्थ कागदोपत्री नीट लिहिलेला आहे: अँड्रॉइड १५ वर तुमचा स्क्रीन वरच्या घड्याळापासून खालच्या खुणांपर्यंत काठोकाठ पसरणार. कुठे किती जागा सोडायची ते फोनला विचारायचं. विचारलं की तो मुकाट सांगतो, त्याला इन्सेट म्हणतात. गॅलरी आत घेतली की हॉल ऐसपैस होतो, पण पाऊस कुठून येतो ते बघून सोफा ठेवायचा असतो. आम्ही सोफा थेट पागोळ्यांखाली ठेवला.

त्यात आकडा बदलला ऑगस्टमध्ये आणि गुरुजींच्या फोनला अँड्रॉइड १५ मिळालं दिवाळीनंतर. त्यामुळे शिव्या अपडेटनं खाल्ल्या.

दुरुस्ती ज्युनिअरनं हाती घेतली. बटणाखाली ४८ ची मोकळी पट्टी ठोकली. गुरुजींच्या फोनवर ती चपखल बसली असती. पण मॅनेजरसाहेबांचा फोन स्वाइपवाला, तिथे खालची पट्टी बारीक. त्यांच्या बटणाखाली रिक्षा उभी राहील एवढी जागा उरली. वर पांढऱ्या हेडरवर पांढरं घड्याळ, पांढरी बॅटरी. ते म्हणाले, "डिझाइन स्वच्छ वाटतंय, पण वाजले किती?"

आयफोनवाल्यांनी हसू नये. २०१३ मध्ये आयओएस ७ आलं तेव्हा त्यांच्याही ॲपांची शीर्षकं घड्याळाखाली गेली होती आणि ते वीस-वीस पॉइंट मोजत बसले होते.

शेवटी आमच्या लीडनं थीममध्ये एक ओळ घातली की काठोकाठपणातून सूट मिळते, असा शोध लावला. वर कॉमेंट लिहिली: 'तात्पुरतं'. (आमच्या कोडमध्ये 'तात्पुरतं' लिहिलेल्या काही ओळी आता पेन्शनीला आल्यात.) टार्गेट ३६ केलं की अँड्रॉइड १६ वर ही सूट चालत नाही, हेही त्याच पानावर लिहिलंय. ते सगळ्यांनी वाचलं. "तेव्हाचं तेव्हा बघू," असं एकमतानं ठरलं.

मी कौतुकानं गुरुजींना फोन लावला. म्हणाले, "मला जमलं हो कधीच! फोन आडवा धरला की त्या तीन खुणा बाजूला सरकतात, बटण मोकळं होतं. कट्ट्यावर सगळ्यांना शिकवलंय." शाखेत गेलो तर काउंटरच्या काचेवर छापील सूचना: 'हप्ता भरताना मोबाईल आडवा धरावा. हुकुमावरून.' पण आडवं केलं की उजव्या कडेची रक्कम त्या खुणांखाली जायची आणि दोन हजारांचा हप्ता दोनशेचा दिसायचा. म्हणून खाली कुणीतरी बॉलपेननं लिहिलं होतं, 'शून्य मोजून घ्यावे.'